आठवी माघार

“सात वेळा उभा राहिलो आणि सात वेळा बसलो, आता गुडघे दुखायचेच,” असं तो दोन वर्षांपूर्वी निवडणूक कचेरीतल्या अधिकारी बाईंना म्हणाला होता. बाई हसल्या नाहीत. मागे रांगेत उभे असलेले हसले, आणि त्याला तेवढं पुरलं. लोक हसणारच असतील तर निमित्त आपण पुरवावं, म्हणजे निदान वेळ तरी आपण ठरवलेली असते, असं त्याचं मत होतं.

धंद्याने तो बाइंडर. बाजारामागच्या गल्लीत दोन पायऱ्या खाली उतरलं की त्याची खोली. एका भिंतीला लोखंडी प्रेस, दुसऱ्या भिंतीला पुठ्ठ्यांची चळत, मधे एक टेबल आणि त्या टेबलावर सरसाचं पातेलं, जे गेल्या कित्येक वर्षांत कुणी पूर्ण रिकामं पाहिलेलं नव्हतं. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांचे जुने निकाल, असं सगळं तो शिवत असे. उजव्या तर्जनीला दाभणाने घट्टा पडलेला. घरात शिरला की बायको पाठमोरीच सांगे, आले. वासावरून.

गल्लीत त्याला डमी म्हणत. मागून नाही, तोंडावर. “डमी, हे उद्यापर्यंत शिवून दे.” तो शिवून देई.

हे नाव त्याला साहेबांमुळे पडलं होतं. साहेब म्हणजे त्या भागातून बत्तीस वर्षं निवडून येणारे आमदार. निवडणुकीत पक्षाचा खरा उमेदवार अर्ज भरतो आणि त्याच्या मागोमाग त्याच पक्षाच्या चिठ्ठीवर आणखी एक माणूस अर्ज भरून ठेवतो. छाननीत खऱ्याचा अर्ज बाद झालाच, तर दुसरा त्याच्या जागी आपोआप पक्षाचा उमेदवार होतो. खऱ्याचा टिकला, तर दुसऱ्याने कचेरीत स्वतः हजर राहून माघार घ्यायची. कागदावर त्याला पर्यायी उमेदवार म्हणतात. बत्तीस वर्षांपूर्वी साहेब पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा प्रचाराच्या पुस्तिका शिवायला म्हणून त्या दोन पायऱ्या उतरून खाली आले होते. त्यांनी त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाले, मला असा माणूस हवा आहे ज्याला चुकूनसुद्धा कुणी मत देणार नाही, आणि ज्याचं अक्षर चांगलं आहे. त्यातलं अक्षराचं तेवढं त्याच्या लक्षात राहिलं. पुढे तो ती गोष्ट सांगताना पहिला भाग गाळत असे.

तेव्हापासून साहेबांचा अर्ज आणि स्वतःचा अर्ज, दोन्ही तोच भरू लागला. साहेब वाचत नसत. डोळे मिटून सही करीत आणि सही करताना कुणाशी तरी बोलत असत. सातही वेळा अर्जात एक खोड निघाली नाही. छाननीच्या टेबलावर अधिकारी बदलत गेले, पण अर्ज उलटताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारं समाधान तेच. त्या समाधानावर त्याचा हक्क होता. दुसऱ्या कशावरही नव्हता.

अर्ज भरल्यापासून माघारीपर्यंत चार दिवस जात. ते चार दिवस तो कायद्याने उमेदवार असे. त्या दिवसांत तो दुकानात कोट घालून येई. बाह्यांना सरस लागू नये म्हणून मनगटाला रबर लावी. गिऱ्हाइकाला विचारी, काही अडचण आहे का? लोकांना तेवढंच हवं असे. एकदा पिठाच्या गिरणीवाल्याने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आमच्या मांजरीला दोन वर्षं झाली पिल्लं होत नाहीत. त्याने ते वहीत टिपून घेतलं. गंमत कळून टिपलं की न कळून, हे गिरणीवाल्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

बायको म्हणे, “लग्नात तरी तुम्हीच होतात ना? की खरा पुढे निघून गेला?” तिच्या तोंडाला धार होती. त्या घरात ती एकच वस्तू रोज वापरात होती. मुलगी मात्र या विषयावर बोलत नसे. शाळेत तिला डमीची पोर म्हणत, ते तिने घरी कधी सांगितलं नाही. आता ती सव्वीस वर्षांची होती आणि एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. शीर एकाच टोचणीत सापडणारी म्हणून तिचं नाव होतं. हाताची ही बिनचूक सवय ती बापाकडून घेऊन आली होती, आणि तेवढंच तिला त्याच्यातलं आवडत असावं.

मग साहेबांनी निवृत्ती जाहीर केली. मुदतीची तीन वर्षं शिल्लक असताना त्यांनी राजीनामा दिला. भाषणात म्हणाले, शरीर थकलं. रडले. रडताना त्यांनी पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि पुन्हा रडले. चौथ्या रांगेत बसलेला बाइंडरही रडला. पोटनिवडणूक लागली.

त्या आठवड्यात त्याने कोट धुवायला टाकला, अर्जाची तारीख जाहीर होण्याआधीच. बायकोने ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. बत्तीस वर्षं ज्याला आपल्या मागे उभं केलं त्याला साहेब आता पुढे करतील, हे वाक्य त्याने कुणाजवळही उच्चारलं नाही. पण ते घरात होतं, नव्या सामानासारखं. येता-जाता लागत होतं.

साहेबांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, सूनबाई उभ्या राहतील, तू नेहमीसारखे दोन अर्ज घेऊन ये.

तो नेहमीसारखे दोन अर्ज घेऊन गेला. सूनबाईंनी सासऱ्यांप्रमाणेच न वाचता सही केली. फोटोवाला आलेला होता आणि त्याने त्यांना मान उजवीकडे करायला सांगितली होती. बाइंडरने शाई वाळू दिली, कागद फाइलीत घातले आणि कचेरीत दिले.

चूक तिथेच होती. साहेबांची बायको पहिल्या निवडणुकीच्याही आधी वारली होती. सात अर्जांच्या प्रतिज्ञापत्रांत जोडीदाराच्या रकान्यात त्याने आपल्या सुरेख अक्षरात ‘नाही’ असं लिहिलं होतं. आठव्या वेळी सूनबाईंच्या प्रतिज्ञापत्रात त्याच रकान्याशी हात आला आणि हाताने तेच लिहिलं. नवरा समोरच्या सोफ्यावर बसून फोनवर बोलत होता.

छाननीच्या दिवशी अधिकारी बाईंनी ते पान दोनदा वाचलं. नियम साधा होता: रकाना खोटा असो की रिकामा असो, कागद रद्द. विरोधी पक्षाच्या वकिलाने लग्नाचा फोटो मोबाइलवर काढून दाखवला. अर्ज बाद झाला. मग बाईंनी खालचा अर्ज वर घेतला, शेवटपर्यंत उलटला आणि जाहीर केलं की पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज वैध आहे, त्यामुळे पक्षाचे अधिकृत उमेदवार आता हे.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तोही वळला, मागे भिंत होती.

माघारीला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत गल्लीने त्याला डमी म्हणायचं थांबवलं, पण दुसरं काय म्हणायचं हे न सुचल्याने कुणी काहीच म्हणेना. गिरणीवाला दाढी करून आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, मांजरीचं राहू द्या, गल्लीतल्या गटाराचं बघा. पक्षाच्या कचेरीतून एकही माणूस आला नाही, फोन आला नाही. बायको घाबरली होती. घाबरली की ती भांडी घासायची, आणि दोन दिवस ती भांडी घासत होती. मुलीने लॅबमधून सुट्टी काढली. तिने बापाचा फोटो काढला, कोटाची कॉलर तीनदा सरळ करून. फोटो बघून तो म्हणाला, बरा आलाय. ती म्हणाली, “बाबा, माघार घेऊ नका. हरा, पण यादीत नाव राहू द्या. मला एकदा मशीनवर तुमचं नाव बघायचंय.”

सव्वीस वर्षांत तिने त्याच्याकडे काहीतरी मागितलं ते हेच. त्याने मान हलवली. त्या मान हलवण्यात इतका आनंद होता की बघणाऱ्याला किळस यावी.

माघारीच्या दिवशी सकाळी दहाला साहेबांकडून निरोप आला. तो निघाला तेव्हा मुलगीही चप्पल घालून निघाली. तो नको म्हणाला नाही. तिने पाहावं असं त्याला वाटत होतं.

साहेब मधल्या खोलीत होते. पाय गरम पाण्याच्या टबात, मांडीवर टॉवेल. सूनबाई खिडकीशी उभ्या, साहेबांचा मुलगा सोफ्यावर. घरातली दोन-चार माणसं भिंतीला टेकून होती. बसा असं कुणी म्हटलं नाही.

सूनबाईंनी सुरुवात केली. त्यांच्या माहेरी आतापर्यंत सगळीकडे कळलं होतं, आणि त्यांची आई रडत होती. “नवरा जिवंत असताना मला विधवा केलंत,” त्या म्हणाल्या. मुलगा फोनमधून मान वर करून म्हणाला, मला तर दोन मित्रांनी श्रद्धांजलीचे मेसेज पाठवले. भिंतीला टेकलेली माणसं हसली. बाइंडरने हात जोडले. म्हणाला, चूक झाली, हाताची सवय होती. मुद्दाम केलं नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, मला माहीत आहे. मुद्दाम करायला डोकं लागतं.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. सूनबाईंच्या भावाचा अपक्ष अर्ज भरलेला आहे, आणि तो वैध ठरला आहे. पक्ष आता त्याला पाठिंबा देणार. तीनच्या आत माघार घ्यायची. माघारीचा अर्ज वकिलाने भरून ठेवला आहे, कारण यापुढे या घरातला एकही कागद बाइंडरच्या हातून जाणार नाही.

त्याने जोडलेले हात खाली घेतले. मग विचारलं, भावाचा अर्ज कधी भरला होता?

“पहिल्याच दिवशी. दर वेळी कुणीतरी घरचा भरतोच,” साहेब म्हणाले. “अरे, मी काय तुझ्या भरवशावर बत्तीस वर्षं काढली?”

“मग मी कशाला होतो, साहेब?”

साहेबांनी टबातला एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. खरंच विचार केला त्यांनी. म्हणाले, “सवय.”

इथे तो निघून गेला असता तर बरं झालं असतं. पण मुलगी मागे उभी होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना नाही म्हटलं. फार हळू. म्हणाला, साहेब, या वेळी राहू द्या. तीन वर्षांचाच प्रश्न आहे. हरलो तर तुमचं काय जातं? कायद्याने मीच उमेदवार आहे.

सूनबाई काही बोलणार होत्या, साहेबांनी हाताने थांबवलं. ते चिडले नाहीत. उलट चेहरा मऊ झाला त्यांचा, सभेत एखाद्या म्हाताऱ्या बाईशी बोलताना होई तसा. म्हणाले, ठीक. उभा राहा. माझी हरकत नाही. पण उद्यापासून लोकांसमोर बोलावं लागेल. आम्ही इथे सहा-सात जण आहोत; आम्ही लोक आहोत असं समज. बोल. पटलं तर मी स्वतः टबातून पाय काढून तुझ्या प्रचाराला येतो.

मुलाने फोन खिशात टाकला आणि पुढे सरकून बसला. कुणीतरी एक स्टूल मधे आणून ठेवलं. बाइंडरने कोटाची बटणं लावली. स्टुलावर चढला नाही, त्याच्या शेजारी उभा राहिला, एक हात त्यावर टेकून. मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली, बोला.

आणि तो बोलला. बोलला ते चांगलंच बोलला, हीच तर पंचाईत होती. “माझ्या मायबाप मतदारांनो,” असं म्हणून त्याने क्षणभर थांबून डावीकडे पाहिलं. मी तुमचा चाकर आहे, असं म्हणून उजवीकडे पाहिलं. रस्त्यांबद्दल बोलला, नळांबद्दल बोलला, माझ्या आईने मला अंधारात वाढवलं म्हणून मला दिव्याची किंमत कळते असं म्हणाला. त्याच्या आईने त्याला अंधारात वाढवलं नव्हतं. तो कापड गिरणीच्या चाळीत वाढला होता आणि तिथे दिवे होते. अंधारात साहेब वाढले होते, किंवा तसं ते सांगत. वाक्यं साहेबांची होती. थांबे साहेबांचे होते. आईच्या आठवणीपाशी घशात येणारा तो छोटा खोकला, तोसुद्धा साहेबांचा होता. बत्तीस वर्षं चौथ्या रांगेत बसून ऐकलेलं, आणि दर पाच वर्षांनी पुस्तिका करून शिवलेलं ते सगळं भाषण एकेक टाका न सुटता त्याच्या तोंडून बाहेर येत राहिलं. आपण कुणाचं बोलतो आहोत हे त्याला मधेच केव्हातरी कळलं असावं, कारण त्याचा आवाज चिरकला. पण थांबला तर पुढे काय म्हणायचं हे त्याच्याजवळ नव्हतं, म्हणून तो पुढे जात राहिला.

भिंतीला टेकलेले आधी गालात हसले, मग खांदे हलवून, मग मोकळेपणाने. सूनबाई पदराने डोळे पुसत होत्या. साहेब एकटे हसले नाहीत. ते डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलवीत, कुठे शब्द चुकतो का पाहत. एकही चुकला नाही. भाषण संपलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“छान,” ते म्हणाले. “मी पण इतकं छान नाही करत.” मग त्याला सोडून त्यांनी मान तिरकी करून मुलीला विचारलं, “बेटा, तू मत देशील का गं या माणसाला? बाप म्हणून नको सांगू. खरं सांग.”

ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. हो म्हणाली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता, पण चाललं असतं. तिने बापाकडे पाहिलं. तिला लहानपणापासून त्या भाषणाचा तिटकारा होता. दर पाच वर्षांनी ते चौकाचौकात ऐकू यायचं आणि त्याच आठवड्यात शाळेत तिच्या वेण्या ओढल्या जायच्या. दोन दिवस तिला वाटत होतं की या माणसाच्या आत, सरसाच्या आणि कोटाच्या आत, त्याचं स्वतःचं असं काहीतरी बोलायचं राहून गेलेलं आहे. ती बापालाच म्हणाली, “त्यात तुमचं काय होतं, बाबा?” आणि मग साहेबांना, “नाही.”

साहेबांनी मान डोलावली. त्यांना मुलगी आवडली. ते सूनबाईंना म्हणाले, हिच्याकडे लक्ष ठेवा, हिला पुढे आणता येईल.

बाइंडरने माघारीच्या कागदावर तिथेच, स्टुलावर वाकून, सही केली.

कचेरीपर्यंत साहेबांचा मुलगा गाडीतून घेऊन गेला. मुलगी पुढच्या सीटवर होती. एकदा ती मागे वळून म्हणाली, मी खोटं बोलायला हवं होतं का? त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मी बसा म्हणाले नाही, ती म्हणाली, मी फक्त मत देणार नाही म्हणाले. साहेबांच्या मुलाने आरशात बघत सांगितलं, तेच ते असतं.

तीनला वीस कमी असताना ते टेबलापाशी उभे राहिले. तिघांपैकी एकानेही खुर्ची ओढली नाही. अधिकारी बाईंनी माघारीचा अर्ज घेतला. नाव वाचलं, अनुक्रमांक वाचला, सही मूळ अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली. मग बोट खाली आलं आणि थांबलं. सहीखाली दोन छोटे रकाने होते, तारखेचा आणि वेळेचा. वकिलाने तारीख घातली होती. वेळेचा रकाना कोरा होता.

साहेबांच्या मुलाला ते दिसलं नाही. तो तिथे असूनही फोनमध्ये होता. बाइंडरला टेबलाच्या या बाजूने, उलटं, एका नजरेत दिसलं. बाईंनाही दिसलं होतं. रकाना रिकामा असेल तर कागद रद्द, हा नियम त्यांनी दोन दिवसांपूर्वी याच टेबलावर वाचून दाखवला होता. कागद असाच फाइलीत गेला तर माघार झालीच नाही. तीन वाजून जातील, आणि यादीत नाव राहील. बाईंनी शिक्का उचलला नाही. त्यांना कुणाची बाजू घ्यायची नव्हती. उमेदवाराला त्याच्या कागदातली चूक दाखवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, इतकंच. त्यांनी वर पाहून विचारलं, “सगळं बरोबर आहे ना?”

विचारून त्या थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. मुलीला त्या थांबण्याचा अर्थ लागला नाही. ती भिंतीवरची मतदान केंद्रांची यादी वाचत होती.

बाइंडर त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहत राहिला. जेमतेम अंगठ्याएवढा चौकोन. घड्याळाचा काटा पुढे सरकल्याचा आवाज झाला. आठव्या वेळी त्याच्या हातून एक अर्ज चुकला होता, आणि दोन दिवस सगळी कचेरी त्याबद्दल बोलत होती. आता त्याच्या नावाचा आणखी एक कागद इथे चुकीचा राहणार होता, त्यावर शेरा पडणार होता, कुणीतरी पुन्हा वाचून दाखवणार होतं.

“वेळ राहिलीय,” तो म्हणाला.

बाईंनी एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कागद त्याच्या बाजूला वळवला आणि स्वतःचं पेन दिलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहून चौकोनात वेळ भरली. आकडे सुरेख आले, सगळे एका उंचीचे. बाईंनी शिक्का मारला, उमेदवारांच्या यादीतल्या त्याच्या ओळीवर पट्टी धरून लाल रेघ ओढली.

साहेबांच्या मुलाने फोनवरून डोळे काढून ते वाकून पाहिलं. म्हणाला, “बघा, आता कसं बिनचूक भरता.” मुलगी यादीवरून वळली, तिने टेबलावरची लाल रेघ पाहिली, चौकोनातली ओली शाई पाहिली, आणि तिला सगळं समजलं. बाबा, ती म्हणाली.

त्याने पेनाला टोपण लावलं, ते बाईंच्या पुढे आडवं ठेवलं, आणि बाहेर निघून गेला.